पॅसिफिकची लांब बोटसफर: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पॅसिफिक महासागराने पृथ्वीचा जवळजवळ एक तृतीयांश पृष्ठभाग व्यापलाय. नकाशात मात्र तो बेटांनी भरलेला दिसतो, कारण नाव छापायला जागा लागते आणि नावातलं एक अक्षरसुद्धा त्या बेटाहून कितीतरी मोठं असतं. उष्ण कटिबंधातली दूरची बेटं प्रवासी जहाजाने पाहायला निघालेल्यांची पहिली गफलत इथेच होते. माहितीपत्रकात दहा फोटो बेटांचे आणि एखादाच समुद्राचा; बोटीवर चढल्यावर हिशेब बरोबर उलटा निघतो. बेट काही तासांचं असतं, समुद्र दिवसेंदिवस. म्हणून तिकीट, केबिन, बॅग, औषधं सगळं समुद्र डोळ्यांसमोर ठेवून ठरवायचं. बेटावर काय करायचं याचा विचार त्यानंतर.

मार्गाचा तक्ता आधी, फोटो नंतर

प्रवासी जहाज साधारण १८ नॉट वेगाने चालतं असं धरा. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. दिवसभरात सुमारे ८०० किलोमीटर अंतर कापलं जातं. हा एक आकडा लक्षात ठेवला की कुठल्याही मार्गाचा अंदाज घरबसल्या येतो. हवाई ते ताहिती सुमारे ४,४०० किलोमीटर: साडेपाच दिवस नुसतं पाणी. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून फ्रेंच पॉलिनेशियातल्या मार्केसास बेटांपर्यंत सहा-सात दिवस. रापा नुई, म्हणजे ईस्टर बेटावरून पिटकेर्नला जायचं तर साधारण २,००० किलोमीटर, अडीच दिवस. हे दोघं एकमेकांचे शेजारी मानले जातात!

तक्त्यात प्रत्येक दिवसापुढे काय लिहिलंय ते नीट पाहा. बंदराला लागणार, बाहेर नांगर टाकून छोट्या बोटीने उतरवणार, की बेटाजवळून नुसतं पुढे जाणार? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत त्या एकाच ओळीत बसवलेल्या असतात. रापा नुईला मोठ्या जहाजांसाठी बंदर नाही. हांगा रोआ गावासमोर थांबून छोट्या बोटींनी जावं लागतं आणि समुद्र उसळलेला असला तर उतरणं रद्द होतं. हे तिथे वारंवार घडतं. पिटकेर्नवर ना विमानतळ ना बंदर. १७९० मध्ये ‘बाउंटी’ जहाजाचे बंडखोर तिथे लपले तेच मुळी कोणाला सहज पोचता येऊ नये म्हणून. आज तिथे जेमतेम चाळीस-पन्नास माणसं राहतात. मोठी जहाजं बहुतेक वेळा बेटासमोर काही तास थांबतात आणि गावकरीच आपल्या लांब होड्यांतून जहाजावर येतात, लाकडी कोरीवकाम आणि मध विकायला. तिकिटावर पिटकेर्नचं नाव असलं तरी पिटकेर्नवर पाय ठेवायला मिळेलच असं नाही.

प्रवासाच्या अटींमध्ये कप्तानाला मार्ग बदलायचा पूर्ण अधिकार असतो. तो असलाच पाहिजे. एखाद्याच बेटासाठी सगळा खर्च करणार असाल तर तिथे विमानाने जाता येतं का ते आधी बघा.

कोणतं जहाज?

ढोबळमानाने तीन प्रकार. हजारो प्रवाशांची मोठी क्रूझ जहाजं: स्थिर, सगळ्या सोयींची, पण लहान बेटांवर एवढी माणसं उतरवण्यातच अर्धा दिवस जातो. दुसरी, शे-दोनशे ते चार-पाचशे प्रवाशांची. यात संशोधक, पक्षितज्ज्ञ वगैरे सोबत घेऊन फिरणारी जहाजं येतात. ती रबरी होड्यांनी कुठेही उतरवू शकतात, पण महाग असतात आणि जास्त हलतात. तिसरा प्रकार मालवाहू-प्रवासी जहाजांचा. आता ही फार थोडी उरलीत. ताहितीच्या पापेएते बंदरातून मार्केसासकडे जाणारं ‘आरानुई ५’ हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध. २०१५ च्या अखेरीपासून ते चालतंय. पुढच्या भागात क्रेन आणि माल, मागच्या भागात प्रवासी, आणि साधारण बारा दिवसांची फेरी. तिथे बोट बेटाला लागते ती मुळात सिमेंट, डिझेल, किराणा उतरवायला, आणि जाताना सुकं खोबरं, फळं भरून नेते. किनाऱ्यावर आलेलं गाव तुमच्यासाठी आलेलं नसतं, स्वतःच्या सामानासाठी आलेलं असतं. मला विचाराल तर बेटांवरचं रोजचं जगणं पाहायला याहून चांगली जागा नाही. करमणुकीचे कार्यक्रम हवे असतील तर मात्र तिकडे जाऊ नका.

पहिल्याच वेळी महिनाभराची सफर घेऊ नये असं माझं मत आहे. दहा-बारा दिवसांत स्वतःची प्रकृती आणि स्वभाव दोन्ही कळतात.

हवाईच्या तक्त्यांत कधीकधी किरिबाती देशातल्या ताबुआएरान या एकाकी कंकणद्वीपाचं (मधल्या उथळ पाण्याभोवती प्रवाळांचं कडं असलेल्या बेटाचं) नाव यायचं, तेव्हा लोक चक्रावत. कारण कायद्यात आहे. अमेरिकेच्या १८८६ च्या कायद्यानुसार परदेशी नोंदणीच्या जहाजाला नुसत्या अमेरिकी बंदरांतून प्रवासी फिरवता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. हवाईच्या आसपास परदेश म्हणून सापडतात ती असली बेटं.

हंगाम आणि दिशा

दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. मे ते ऑक्टोबर हवा कोरडी असते, पण व्यापारी वारे जोरात वाहतात आणि समुद्र बऱ्यापैकी हलता राहतो. हंपबॅक देवमासे पाहायचे असतील तर फ्रेंच पॉलिनेशिया किंवा टोंगाकडे ऑगस्ट ते ऑक्टोबर हा काळ उत्तम. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना सुमारे पाच अंशांच्या पट्ट्यात चक्रीवादळं सहसा तयार होत नाहीत. पृथ्वीच्या फिरण्याचा जो परिणाम त्यांना गरगर फिरवतो तो तिथे फारच क्षीण असतो.

जहाज कोणत्या दिशेने जाणार हेही बघा. याकडे जवळजवळ कोणी लक्ष देत नाही, आणि सफर कशी होणार हे बरंचसं त्यावरच ठरतं. व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात, उत्तर गोलार्धात ईशान्येकडून आणि दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून. पश्चिमेला निघालेल्या जहाजाला वारा आणि लाटा पाठीमागून मिळतात, त्यामुळे चाल मऊ असते. वाऱ्याचा आणि जहाजाचा वेग सारखाच झाला तर डेकवर वाऱ्याची झुळूकसुद्धा लागत नाही आणि उकाड्याने जीव नकोसा होतो. तेच जहाज पूर्वेकडे निघालं तर दोन्ही वेग एकमेकांत मिळतात, १८ चे ३६ नॉट होतात, टोपी उडते, आणि पुढचं टोक लाटांवर आपटत राहतं. जहाजाला पाण्याखाली दोन्ही बाजूंनी पंख असतात ते आडवं डोलणं कमी करतात. हे पुढे-मागे झुलणं त्यांना थांबवता येत नाही.

केबिन

मधली आणि खालची. पहिल्यांदा जाणाऱ्याला एवढं एक वाक्य पुरे. पुढच्या टोकाला झुलणं जास्त, शिवाय पहाटे नांगराच्या साखळीचा खडखडाट. मागच्या टोकाला यंत्रांची थरथर. वरच्या मजल्यावर दृश्य सुंदर, पण डोलणंही तिथेच सर्वांत जास्त. जहाजाचा आराखडा काढून आपल्या केबिनच्या बरोबर वर काय आहे ते पाहा. स्वयंपाकघर, नाचाची जागा किंवा पोहण्याचा तलाव असेल तर दुसरी केबिन मागा. दक्षिण गोलार्धातून पश्चिमेला जाताना ऊन बहुतेक काळ उत्तरेकडून, म्हणजे उजव्या बाजूने येतं. डावी बाजू थंड आणि वाऱ्याची. उजवीकडे कपडे लवकर वाळतात, एवढाच तिचा फायदा.

एकट्या प्रवाशाकडून पुष्कळदा जवळजवळ दोघांचं भाडं घेतात. काही जहाजांवर मोजक्या एकट्याच्या केबिन असतात. त्या वर्षभर आधीच संपतात.

कागदपत्रं, विमा, लशी

पासपोर्ट सफर संपल्यावरही सहा महिने चालणारा हवा. व्हिसा प्रत्येक बेटाच्या हिशेबाने तपासायचा. जहाजातून उतरणार नसलात तरी काही देश व्हिसा मागतात. इथली मोठी गफलत फ्रेंच पॉलिनेशियाबाबत होते. ते फ्रान्सच्या अखत्यारीत असलं तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. नुसता शेंगेन व्हिसा तिथे पुरत नाही, फ्रान्सच्या समुद्रापारच्या प्रदेशांसाठीचा व्हिसा वेगळा लागतो. ज्या देशातून निघून परत त्याच देशात यायचंय तिथला व्हिसा अनेक प्रवेशांचा असायला हवा. दक्षिण अमेरिकेतून निघणार असाल तर पीतज्वराची लस विचारात घ्या. तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं.

विम्यात समुद्रातून रुग्णाला हलवण्याचा खर्च ठळकपणे लिहिलेला असला पाहिजे. जहाजावर डॉक्टर असतो, छोटा दवाखाना असतो आणि त्याचं बिलही येतं. पण हेलिकॉप्टरची झेप किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरचीच. मध्य पॅसिफिकमध्ये जहाजाने तोंड वळवून जवळच्या बेटाकडे जाणं हाच मार्ग, आणि त्याला दोन दिवसही लागू शकतात. दातांचं काम काढून ठेवलेलं असेल तर निघण्याआधी उरका. हृदयविकार किंवा डायलिसिस असेल तर कंपनीला लपवाछपवी न करता सांगा.

बॅगेत काय

कपड्यांबद्दल सगळे सांगतात, मी बाकीचं सांगतो. केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक अतिशय उपयोगी पडतात: टोपी, ओले कपडे, रोजचं वेळापत्रक सगळं भिंतीवर. व्होल्टेजपासून संरक्षण देणारी विजेची पट्टी नेऊ नका. जहाजाच्या वीजव्यवस्थेत ती आगीला कारण ठरू शकते म्हणून चढतानाच काढून घेतात. इस्त्री आणि किटलीचंही तेच. दुर्बीण सात किंवा आठ पटींची घ्या. दहा-बारा पटींची दुर्बीण हलत्या डेकवर बेटाऐवजी हाताचा कंपच मोठा करून दाखवते.

औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. ती हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठी बॅग केबिनपर्यंत यायला संध्याकाळ होते. ऊन अंगावर वरून पडतं आणि पाण्यावरून उलटूनही येतं, तेव्हा लांब बाह्यांचा पातळ सदरा मलमापेक्षा भरवशाचा. मलम घ्यायचंच तर आधी घटक वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट प्रवाळांना घातक मानले जातात. पलाऊने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून अशा मलमांच्या विक्रीवर बंदी घातली आहे. दोन्ही पायांत पक्के बसणारे, पाण्यात चालतील असे बूटही हवेत. चपला प्रवाळावर काही कामाच्या नाहीत.

पहिला दिवस

सुटण्यापूर्वी संकटकाळाची कवायत होते. ती टाळता येत नाही आणि टाळूही नये. २०१२ मध्ये ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ इटलीजवळ खडकावर चढलं तेव्हा काही प्रवाशांची कवायत व्हायची होती. त्यानंतर नियम बदलून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं सक्तीचं झालं. सात किंवा अधिक छोटे भोंगे आणि मग एक लांब, हा इशारा ओळखता आला पाहिजे. कवायत संपली की केबिनपासून जमण्याच्या जागेपर्यंत एकदा जिन्याने चालत जा, खरोखर वेळ आली तर लिफ्ट बंद असते.

फोन सुटण्याआधीच विमान मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं मोबाइल जाळं असतं, फोन आपसूक त्याला जोडला जातो आणि बिल पाहून भोवळ येते. इंटरनेट हवंच असेल तर जहाजाचं उपग्रहाचं पॅकेज घ्या, पण त्याच्या भरवशावर कामाची बैठक ठेवू नका.

जेवायला जाण्यापूर्वी दर वेळी साबणाने हात धुवा. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस भराभर पसरतो आणि दारात ठेवलेल्या अल्कोहोलच्या द्रावणाला तो फारशी दाद देत नाही.

बोट लागली तर

बोट लागणं हा दुबळेपणा नव्हे. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो ‘हलतोय’, डोळे केबिनची स्थिर भिंत पाहून सांगतात ‘नाही’, आणि मेंदू या भांडणात पोट ओढतो. उपायही त्यातच आहे: डोळ्यांना हालचाल दाखवा. डेकवर मध्यभागी येऊन क्षितिजाकडे बघा. पुस्तक आणि फोन बाजूला ठेवा. उपाशी राहू नका; कोरडं, बेताचं खा, आलं चघळा, थोडं थोडं पाणी प्या.

गोळ्या उलटी सुरू झाल्यावर नव्हे, आधी घ्यायच्या असतात. सिनारिझिन, मेक्लिझिन, प्रोमेथाझिन यांनी कमीअधिक झोप येते. कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी परिणामकारक असते, पण काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. कुठलीही गोळी घरी एकदा घेऊन बघा, म्हणजे किती गुंगी येते ते कळेल. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. चालताना एक हात कायम कठड्यासाठी मोकळा ठेवा आणि जड दाराच्या चौकटीत बोटं घालू नका. हलत्या जहाजावर दार आपोआप मिटतं.

पाण्याचे दिवस

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळांना कंटाळा येतो. तो येऊ द्यावा. कार्यक्रमपत्रिका भरगच्च असते, पण सगळं बंद खोल्यांत चालतं आणि त्या वेळात बाहेर काय घडून गेलं ते कळतही नाही. सकाळी उजाडताना आणि दुपारी चारनंतर डेकच्या पुढच्या भागात, सावलीत, तासभर बसायची सवय लावा.

जहाजाच्या पुढे उठणाऱ्या लाटेने घाबरून उडते मासे थव्याने बाहेर पडतात आणि पंखांसारखे पर पसरून पाण्यावरून दूरवर तरंगत जातात. बूबी पक्ष्यांना हे ठाऊक असतं. ते तासन्‌तास जहाजाच्या सोबतीने उडतात आणि मासा उडाला की सूर मारतात. पाण्याचा गडद निळा रंगही इथलाच. त्यात अन्नद्रव्यं कमी, म्हणून सूक्ष्म वनस्पती कमी, म्हणून पाणी इतकं नितळ. सजीवांच्या हिशेबाने ते वाळवंट आहे. दक्षिण पॅसिफिकमध्ये जमिनीपासून सर्वांत दूर असलेली जागाही आहे. तिला पॉइंट निमो म्हणतात आणि सर्वांत जवळची जमीन तिथून सुमारे २,६८८ किलोमीटरवर, पिटकेर्न समूहातलं निर्मनुष्य ड्यूसी बेट ही त्यातली एक. तिकडे सहसा कोणतंच प्रवासी जहाज जात नाही, जायला कारणच नाही.

समुद्रात काहीही टाकू नका, रुमालसुद्धा नाही. प्लास्टिक टाकायला जगातल्या कोणत्याही समुद्रात बंदी आहे. पिटकेर्नजवळच्या हेंडरसन बेटावर माणूस राहत नाही, तरी त्याच्या किनाऱ्यावर प्लास्टिकचा खच पडलेला असतो.

बेट कधी दिसेल?

‘उद्या बेट दिसणार’ एवढं सांगून जहाजावरचे लोक मोकळे होतात. कधी आणि किती वेळ, हे तुम्हाला स्वतः काढता येतं. पाण्यापासूनच्या उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ काढा आणि त्याला ३.५७ ने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर क्षितिज असतं. तुम्ही २५ मीटर उंचीच्या डेकवर असाल तर क्षितिज १८ किलोमीटरवर. आता बेटाच्या शिखरासाठी हाच हिशेब करून दोन्ही मिळवा. मार्केसासमधलं नुकू हिवा १,२२४ मीटर उंच आहे: १२५ अधिक १८, म्हणजे सुमारे १४३ किलोमीटरवरून त्याचं टोक क्षितिजावर यायला हवं. हे झालं गणित. प्रत्यक्षात शिखर ढगात असतं आणि हवा धूसर, त्यामुळे बरंच जवळ आल्याशिवाय काही कळत नाही. तरी चार-पाच तास आधीपासून नजर ठेवायला हरकत नाही.

कंकणद्वीपाची गोष्ट निराळी. तुआमोतू समूहातल्या बेटांवर जमीन पाण्यापासून जेमतेम दोन-चार मीटर वर असते. दिसतात ते माडांचे शेंडे, फार तर २० मीटर उंच. १६ अधिक १८, म्हणजे ३४ किलोमीटर, आणि जहाजाचा वेग ताशी ३३. पहिला शेंडा दिसल्यापासून तासाभरात बेट बाजूला येतं, पुढच्या तासाभरात संपतं. जेवायला बसलात तर गेलं! फ्रेंच दर्यावर्दी बूगँविलने १७६८ मध्ये या भागाला ‘धोक्याचा द्वीपसमूह’ म्हटलं ते याचमुळे. रात्री ही बेटं दिसण्याआधी त्यांच्यावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज यायचा.

माड दिसण्याआधीही खुणा असतात. स्वच्छ आकाशात एकच ढग बराच वेळ जागचा हलत नसेल तर त्याच्याखाली बहुधा जमीन असते. कंकणद्वीपाच्या आतल्या उथळ खाजणावरच्या ढगाचा तळ किंचित हिरवट दिसतो. संध्याकाळी नॉडी आणि पांढरे कुररी पक्षी सरळ रेषेत एकाच दिशेला परतत असतील तर बेट त्या दिशेला. पॉलिनेशियातले दर्यावर्दी याच खुणांवर हजारो किलोमीटर जात. १९७६ मध्ये मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माऊ पियाइलुग यांनी ‘होकुलेआ’ ही जोडहोडी एकही उपकरण न वापरता हवाईहून ताहितीला नेली, तेव्हा ही विद्या अजून जिवंत आहे हे जगाला दिसलं.

या चपट्या बेटांकडे बघताना पाण्याखालचा डोंगर मनात ठेवा. ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचत जातं आणि कडेचे प्रवाळ वर वर वाढत राहतात, म्हणून शेवटी नुसतं कडं उरतं, असं चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडलं. १९५२ मध्ये एनिवेटोक कंकणद्वीपावर खोल विंधन घेतलं तेव्हा १,२०० मीटरहून जास्त प्रवाळी चुनखडकाखाली ज्वालामुखीचा खडक लागला. डेकवरून दिसणारी माडांची ती रेघ म्हणजे त्या सगळ्या ढिगाऱ्याचा माथा.

उतरताना

छोट्या बोटीत पाय टाकणं हा सफरीतला सर्वांत धोक्याचा क्षण. दोन्ही हात मोकळे हवेत, सगळं सामान पाठीवर. खलाशी तुमचा पंजा न धरता मनगटाजवळ धरेल, तुम्हीही त्याचं मनगट धरा. ओला पंजा निसटतो. बोट लाटेवर वर आलेली असताना, तो सांगेल तेव्हाच पाऊल टाका. ‘थांबा’ म्हणाला तर थांबा, मागच्या रांगेची लाज बाळगू नका.

फळं, बिया, मध काहीही जहाजातून खाली नेऊ नका. बुटांच्या तळव्यातली माती आदल्या रात्रीच घासून काढा. बेटांवरच्या वनस्पती आणि पक्षी बाहेरच्या किडीपुढे टिकत नाहीत. न्यूझीलंडमध्ये पिशवीत विसरलेल्या सफरचंदालाही जागेवर दंड होतो.

मार्केसासमध्ये ‘नोनो’ नावाच्या अगदी बारीक माश्या चावतात आणि खाज आठवडाभर जात नाही. खाजवलंत तर जखम चिघळते. अनेक बेटांवर डेंग्यूही असतो, त्यामुळे पूर्ण बाह्या आणि डास पळवणारं मलम दोन्ही वापरा. खडकाळ प्रवाळातले मोठे शिकारी मासे खाण्याआधी गावकऱ्यांना विचारा: काहींमध्ये सिग्वाटेराचं विष असतं आणि ते शिजवून जात नाही. कोणत्या खाडीतला कोणता मासा खायचा नाही हे तिथल्या माणसांना बरोबर माहीत असतं.

रोख पैसे सुटे ठेवा. फ्रेंच पॉलिनेशियात पॅसिफिक फ्रँक चालतो, एका युरोला ११९.३३ असा त्याचा दर बांधलेला आहे. किरिबातीत ऑस्ट्रेलियन डॉलर, पिटकेर्न आणि कुक बेटांवर न्यूझीलंडचा. टोंगात रविवारी सगळं बंद असतं, ते तिथल्या राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. गावात शिरताना पोहण्याच्या कपड्यांवर काहीतरी घाला. मराए म्हणजे पूर्वजांच्या पूजास्थानाचे दगड, आणि रापा नुईवरचे पुतळ्यांचे चौथरे, यांवर फोटोसाठीसुद्धा चढायचं नाही.

परतीची शेवटची बोट किती वाजता हे विचारताना ‘जहाजाच्या घड्याळाने’ असं म्हणून विचारा. मार्केसासची वेळ ताहितीपेक्षा अर्धा तास पुढे आहे आणि जहाज कोणती पाळतंय हे कप्तान ठरवतो.

घड्याळ आणि वार

दर १५ रेखांशांना एक तास. पश्चिमेला जाताना घड्याळ मागे, म्हणजे मधूनमधून एक तास जास्त झोप. पूर्वेला जाताना ती कापली जाते. आंतरराष्ट्रीय वाररेषा पश्चिमेकडे ओलांडली की एक अख्खा दिवस गायब होतो, पूर्वेकडे ओलांडली की तोच वार पुन्हा येतो. ही रेषा सरळ नाही. किरिबातीने १९९५ च्या सुरुवातीला आपली पूर्वेची बेटं रेषेच्या पलीकडे घेतली. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच पाळला नाही. परिणाम असा की हवाई आणि किरिबातीतल्या किरितिमाती बेटावर घड्याळात एकच वेळ असते, पण तारखेत पूर्ण एक दिवसाचा फरक.

रोजची गोळी तारखेने घेऊ नका, मागच्या गोळीपासूनच्या तासांनी घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून वेळापत्रक लिहून घ्यावं.

रात्री

चांदणं नसलेल्या रात्री सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात जा आणि डोळे सरावायला वीस मिनिटं द्या. दक्षिणेकडे जाताना ध्रुवतारा रोज खाली उतरतो. क्षितिजापासून त्याची उंची जितके अंश, तितकाच तुमचा अक्षांश. विषुववृत्ताशी तो क्षितिजाला टेकतो आणि नाहीसा होतो. समोर त्रिशंकू वर चढलेला असतो आणि अगस्तीचा तारा, जो उत्तरेत नेहमी खाली रेंगाळतो, तो इथे ऐटीत वर. कठड्यावरून वाकून नव्हे, कठडा धरून खाली पाहा. जहाजाने ढवळलेल्या पाण्यात कधीकधी निळसर ठिणग्या दिसतात. ते चमकणारे सूक्ष्म जीव.

विषुववृत्त ओलांडताना वरुणराजाच्या दरबाराचं नाटक होतं, नवख्यांना थंड पाण्याने, फेसाने न्हाऊ घालतात. जुनी खलाशी प्रथा आहे, १८३२ मध्ये ‘बीगल’ जहाजावर डार्विनही त्यातून सुटला नव्हता. नको असेल तर कडेला उभं राहून बघा, कोणी सक्ती करत नाही.

उतरण्याचा दिवस

आदल्या रात्री बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, औषधं आणि पासपोर्ट त्यात जाऊ देऊ नका. बिल रात्रीच तपासा, त्यात रोजची बक्षिसी आपोआप लावलेली असते; सकाळी खिडकीसमोर लांब रांग लागते. परतीचं विमान त्याच दिवशीचं काढू नका. समुद्रामुळे जहाजाला उशीर झाला तर ते चुकतंच, आणि नाही झाला तरी जमिनीवर पहिला दिवसभर पाय डोलत राहतात. न्हाणीघरात डोळे मिटून डोकं धुताना तोल जातो, तेव्हा भिंतीला हात लावून उभे राहा. हे डोलणं सहसा एक-दोन दिवसांत थांबतं. महिनाभर राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.